नदीतील माशांची गणना : नाव, श्रम आणि शून्य

१

वृक्षांची गणना करणारास वृक्ष समोर दिसत असतात. वाघाची गणना करणारास वाघ दिसला नाही, तरी त्याच्या पावलांचा ठसा किंवा छायाचित्र मिळू शकते. वाहत्या नदीतील माशाच्या बाबतीत अशी सोय क्वचितच असते. पाणी गढूळ असते, मासा चंचल असतो, आणि आज मोजलेल्या डोहातील मासे उद्या दुसऱ्या डोहात गेलेले असतात. तरीही ‘ह्या नदीतील अमुक मासा कमी झाला’ असे विधान शास्त्रज्ञ, शासन आणि मासेमार हे तिघेही करीत असतात. हे विधान कोणत्या आधारावर केले जाते, आणि तो आधार निर्माण करण्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हे काम ज्याच्या हातून घडते त्यास क्षेत्रतंत्रज्ञ म्हणतात. कंबरभर पाण्यात उभे राहून जाळे ओढणे, मासा ओळखणे, त्याची लांबी घेणे, तो पुन्हा पाण्यात सोडणे आणि हे सर्व कागदावर उतरविणे, ही त्याची कर्तव्ये होत. शोधनिबंधाच्या शिरोभागी त्याचे नाव सहसा नसते. परंतु निबंधातील प्रत्येक आकडा त्याच्या पेन्सिलीतून उतरलेला असतो. ह्या कामाचे खरे फलित माशांची संख्या हे आहे, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः ते फलित म्हणजे नोंद होय; आणि त्या नोंदीतील तीन गोष्टी निर्दोष असल्या तरच संख्येला अर्थ येतो. पहिली गोष्ट जातीचे नाव, दुसरी पकडण्यासाठी वेचलेले श्रम, आणि तिसरी, काहीच न मिळाल्याची नोंद, म्हणजे शून्य.

बोलींच्या सर्वेक्षणाशी परिचय असलेल्या अभ्यासकास हा प्रश्न अगदी परका वाटणार नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणात (त्याचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला) ठिकठिकाणी उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे रूपांतर मागविण्यात आले, ते सर्वत्र एकच मजकूर असावा म्हणून. मजकूर एक असल्यामुळेच दोन ठिकाणच्या रूपांची तुलना करणे शक्य झाले. नदीवरील तंत्रज्ञ आपले साधन, जागा व वेळ एकच ठेवण्याचा जो आग्रह धरतो, त्यामागील तत्त्वही हेच आहे.

२

गणनेची स्थानके आधी ठरविलेली असतात. नदीचा एखादा शंभर-दोनशे मीटरांचा पट्टा निवडताना त्यात डोह, खळाळ आणि संथ वाहणारा भाग हे तिन्ही प्रकार येतील असे पाहिले जाते. कारण खळाळातील दगडाला चिकटून राहणारा मासा आणि डोहाच्या तळाशी राहणारा मासा एकाच ठिकाणी सापडत नाहीत. ठरलेल्या स्थानकावर वर्षाच्या त्याच काळात पुनःपुन्हा जावे लागते. मासे पकडण्यापूर्वी पाण्याचे तापमान, खोली, वेग, गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू ह्यांची नोंद केली जाते. ह्यांपैकी प्रत्येक गोष्टीवर माशाचे वागणे, आणि म्हणून त्याचे सापडणे, अवलंबून असते.

पकडण्याची साधने अनेक आहेत आणि प्रत्येकाचा स्वतःचा पक्षपात आहे. फेकजाळे उथळ, वाळूच्या तळावर उत्तम चालते. खडकाळ जागी ते अडकते व मासे खालून निसटतात. पाण्यात पडद्यासारखे उभे लावलेले, माशास कल्ल्याशी अडकविणारे जाळे आपल्या आसांच्या मापाचेच मासे धरते; त्याहून लहान मासे पार होतात व त्याहून मोठ्यांचे डोके आत शिरत नाही. पाण्यात नियंत्रित विद्युत्प्रवाह सोडून मासा क्षणभर बधिर करण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत रूढ आहे. सरळ प्रवाहाच्या क्षेत्रात मासा धनाग्राकडे ओढला जातो व तेथे त्यास जाळीने उचलतात. परंतु मोठ्या माशाच्या देहाच्या दोन टोकांमधील विद्युद्दाबाचा फरक अधिक असल्याने मोठे मासे लवकर बधिर होतात व लहान मासे तुलनेने निसटतात. शिवाय ही पद्धत माणसासही धोक्याची आहे. म्हणून रबरी बूट व हातमोजे घालूनच, आणि कधीही एकट्याने नव्हे, ती वापरावी असा नियम असतो.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत सामन माशांची पिले समुद्राकडे निघतात तेव्हा त्यांच्यासाठी फिरता सापळा लावतात. दोन तराफ्यांच्या मध्ये अर्धा बुडालेला एक मोठा शंकू असतो. आतील मळसूत्री पात्यांवर पाण्याचा जोर पडून तो सतत फिरत राहतो, व आत शिरलेली पिले मागील पेटीत जमा होतात. ही पेटी दररोज, आणि पूर आला असता दिवसातून अनेक वेळा, रिकामी करावी लागते. काडीकचऱ्याने शंकू अडला, तर त्या रात्रीची मोजणी वाया जाते व पेटीतील मासेही मरतात. तंत्रज्ञाच्या कामाचा मोठा भाग असा कचरा उपसण्यातच जातो.

हाती आलेल्या माशावर होणारा प्रत्येक संस्कार त्याच्या जिवाशी संबंधित असतो. कोरड्या हाताने धरल्यास अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो व पुढे रोग होतो. म्हणून हात आधी ओले करावयाचे. आवश्यक असल्यास पाण्यात गुंगीचे औषध घालावयाचे, मापे झटपट घ्यावयाची आणि मासा पूर्ण शुद्धीवर आल्याखेरीज प्रवाहात सोडावयाचा नाही. मापातही संदिग्धता असते. मुखाग्रापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी, शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतची लांबी आणि शेपटीच्या पराच्या मुळापर्यंतची लांबी ह्या तीन निरनिराळ्या लांब्या आहेत. नोंदवहीत नुसते ‘लांबी’ असे लिहिले, तर वीस वर्षांनी ती वाचणारास मासे लहान झाले की मोजण्याची रीत बदलली, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

३

पकडलेले मासे म्हणजे नदीतील मासे नव्हेत. पकडीवरून एकूण संख्येकडे कसे जावयाचे, ह्याच्या काही रीती आहेत.

डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पेटरसन ह्यांच्या १८९६ च्या लेखनाशी जिचे नाव जोडले जाते, ती रीत सर्वांत प्रसिद्ध आहे. समजा, एका पट्ट्यात १०० मासे पकडून, त्यांस खूण करून सोडून दिले. काही दिवसांनी ८० मासे पकडले असता त्यांत खुणेचे २० निघाले. म्हणजे दुसऱ्या पकडीत खुणेचे मासे एकचतुर्थांश आहेत. सर्व माशांतही त्यांचे प्रमाण तेवढेच असेल असे मानल्यास एकूण मासे ४०० होतात. गणित सोपे आहे. मानलेल्या गोष्टी मात्र सोप्या नाहीत. खुणेमुळे मासा मेला नसावा, खूण गळून पडली नसावी, दोन पकडींच्या दरम्यान बाहेरून मासे आले-गेले नसावेत, आणि एकदा पकडला गेलेला मासा पुन्हा पकडला जाण्यास इतरांइतकाच सोपा असावा, अशी ती गृहीते होत. खूण केलेले मासे नीट न हाताळल्यामुळे मेले, तर दुसऱ्या पकडीत ते कमी येतात आणि एकूण संख्या फुगून दिसते. उलट खुणेचे मासे दुबळे होऊन सहज सापडू लागले, तर संख्या आक्रसते. तंत्रज्ञाच्या हाताचा ओलेपणा अशा रीतीने थेट गणितात शिरतो.

दुसऱ्या रीतीत नदीचा लहान पट्टा वरखाली जाळ्यांनी बंद करतात व तेवढ्याच श्रमाने त्यातून दोनदा मासे काढतात. पहिल्या खेपेस ६० व दुसऱ्या खेपेस ३० मिळाले, तर प्रत्येक खेपेस उरलेल्यांपैकी निम्मे सापडतात असा निष्कर्ष निघतो. म्हणजे प्रारंभी १२० मासे होते. येथे दोन्ही खेपांचे श्रम समान असणे हा सर्व तर्काचा पाया आहे. दुसऱ्या खेपेस थकलेल्या मंडळींनी घाई केली, तर मासे कमी मिळतात, आणि ते उरलेच नाहीत असा समज होऊन एकूण संख्या प्रत्यक्षाहून कमी निघते.

काही ठिकाणी मासाच मोजणाऱ्यासमोरून जातो. कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणात माशांस वर चढण्यासाठी पायऱ्यांची वाट केलेली आहे, आणि १९३८ पासून त्या वाटेने जाणाऱ्या सामन माशांची जातवार मोजणी होत आली आहे. १९८० नंतरच्या दशकात माशाच्या शरीरात बसविण्याची, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी काचेची कुपी प्रचारात आली. तिच्यात विद्युत्घट नसतो. वाचकयंत्राजवळून मासा गेला म्हणजे ती आपला क्रमांक कळविते. त्यामुळे एकाच माशाचा प्रवास वर्षानुवर्षे ओळखता येतो. अलीकडे पाण्याच्या नमुन्यातील जनुकद्रव्यावरून तेथे कोणत्या जाती आहेत हेही सांगता येऊ लागले आहे. तथापि मासा केवढा होता, त्याचे वय काय, पिले वाढत आहेत की नाहीत, ह्या प्रश्नांसाठी मासा हाती घ्यावाच लागतो.

४

सामान्य वाचकास पकडीचा आकडा महत्त्वाचा वाटतो. अभ्यासकास त्याच्या शेजारचा श्रमाचा आकडा तितकाच महत्त्वाचा असतो. ‘दहा मासे मिळाले’ हे वाक्य अपुरे आहे. किती माणसांनी, कोणत्या जाळ्याने, किती तास काम करून दहा मिळाले, हे सांगितल्यावर ते पूर्ण होते. एका तासात दहा आणि दहा तासांत दहा ह्यांत नदीच्या दोन निराळ्या अवस्था दडलेल्या असतात.

शून्याचा विचार ह्याहून नाजूक आहे. एखादी जात न सापडणे ह्याचे दोन अर्थ होतात : ती तेथे नाही, किंवा ती आहे पण सापडली नाही. समजा, जात तेथे असताना एका खेपेस ती सापडण्याची शक्यता शंभरात चाळीस आहे. मग ती एका खेपेस निसटण्याची शक्यता साठ, आणि लागोपाठ तीन खेपांत निसटण्याची शक्यता सुमारे बावीस आहे. म्हणजे तीनदा जाऊन रिकाम्या हाताने परतलेल्या तंत्रज्ञानेही ‘जात नष्ट झाली’ असे म्हणण्याची घाई करू नये. पाच खेपांनंतर ही शक्यता आठांच्या आसपास येते. मॅकेन्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हा विचार सांख्यिकीय चौकटीत व्यवस्थित मांडला. तेव्हापासून एकाच जागी पुनःपुन्हा जाण्यास आणि प्रत्येक रिकामी खेप लिहून ठेवण्यास शास्त्रीय महत्त्व प्राप्त झाले. एखाद्या गावी एका निवेदकाच्या तोंडून शब्द आला नाही, एवढ्यावरून तो शब्द त्या बोलीत नाही असे भाषाशास्त्रज्ञ म्हणत नाही. त्यातलाच हा प्रकार होय.

व्यवहारात मात्र शून्य लिहिण्याचा कंटाळा सर्वत्र आढळतो. दिवसभर पावसात उभे राहून काहीच मिळाले नाही, तर त्या दिवसाचा कागद कोरा राहतो. कोरा कागद आणि शून्य लिहिलेला कागद ह्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यावरून कोणी गेलेच नव्हते असे वाटते. दुसऱ्यावरून कोणीतरी गेले होते आणि त्याने शोधले होते, हे कळते.

५

आता नावाकडे वळू. दख्खनच्या माशांचे पहिले व्यवस्थित शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स ह्या लष्करी अधिकाऱ्याने केले. मुंबई सरकारच्या सांख्यिकी-विषयक कामगिरीवर तो १८२४ पासून दख्खनमध्ये फिरत होता. त्याचे मत्स्यविषयक लेखन १८३९ मध्ये संक्षेपाने आणि १८४१ मध्ये चित्रांसह विस्ताराने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखनाचा मराठी वाचकास जाणवणारा विशेष असा, की अनेक जातींना त्याने लॅटिन किंवा ग्रीक नावे न देता दख्खनमध्ये ऐकलेली नावेच दिली. खुद्री, कोलुस, मुल्या, नुक्ता, शींगटी, मुसुल्ला ही नावे त्यांपैकीच. आणि ‘रोहटी’ हे तर त्याने एका संपूर्ण प्रजातीस दिले. ही नावे आजही जगभर शास्त्रीय नामावलीत वापरली जातात.

ती वाचताना साइक्सची लेखनपद्धती ध्यानात घेणे अवश्य आहे. त्या काळच्या इंग्रजांप्रमाणे तो मराठी ‘अ’साठी रोमन ‘यू’ हे अक्षर व ‘ई’साठी दोन ‘ई’ लिहितो. ‘दखन’ ह्या शब्दात त्याने दोन्ही अक्षरांपुढे ‘यू’ घातला आहे. हा नियम लावला तर ‘नुक्ता’ ह्या रूपामागे ‘नकटा’ हा शब्द उभा राहतो. आणि ह्या माशाच्या नाकाडावर खोल आडवी खाच असते, हे पाहिले म्हणजे ते वाचन अर्थदृष्ट्याही पटते. ‘शींगटी’चा संबंध पराच्या टोकदार काट्यांशी, म्हणजे शिंगाशी, सहज जुळतो. ह्या नावांत कोळ्याभोयांचे निरीक्षण साठविलेले आहे.

साइक्सने नावे, वर्णने व चित्रे दिली. मोजणी दिली नाही, आणि त्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. परिणामी दख्खनच्या नद्यांविषयी आपली स्थिती विलक्षण आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी येथे कोणते मासे होते हे बरेचसे सांगता येते. ते किती होते हे सांगता येत नाही. पुण्याच्या माशांची फ्रेझर ह्यांची यादी १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील अभ्यासकांनी तिच्याशी आपल्या याद्या ताडून पाहिल्या व कोणत्या जाती आता आढळत नाहीत हे दाखविले. परंतु यादी शेवटचा मासा नाहीसा झाल्यावरच बदलते. हजारातले दहा उरले तरी यादीत ते नाव कायम असते. नाहीसे होण्याआधीचा ऱ्हास दाखविण्याचे सामर्थ्य केवळ मोजणीत आहे.

६

नाव चुकले असता मोजणीचे काय होते, ह्याचे उत्तम उदाहरण कावेरी नदीत घडले, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो.

कावेरीच्या खोऱ्यात उंच पाठीचा, नारिंगी छटेच्या परांचा एक महाशीर राहतो. ५० किलोग्रॅमच्या पुढे वजन जाणारा हा मासा एकोणिसाव्या शतकापासून गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींत विख्यात आहे. दुसरीकडे लोणावळ्याच्या टाटा विद्युत्कंपन्यांच्या जलाशयांवर निळ्या परांच्या महाशीराची, म्हणजे साइक्सच्या ‘खुद्री’ची, कृत्रिम पैदास करण्याचे काम १९७० च्या सुमारास सुरू झाले. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी ह्यांचे ह्या माशाच्या अंडी घालण्याच्या सवयींविषयीचे संशोधन ह्याच काळातले. महाशीर वाचवावा ह्या सद्हेतूने ती पिले देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आली. त्यांत कावेरीही होती.

कावेरीवरील गालिबोरे येथील तळावर मासा गळाने पकडून जिवंत सोडून देण्याची पद्धत होती, आणि तेथे पकडीच्या वह्या ठेवलेल्या होत्या. १९९८ ते २०१२ ह्या काळातील सुमारे २३,६०० तासांच्या श्रमाची व सहा हजारांहून अधिक महाशिरांची नोंद त्यांत होती. पिंडर, राघवन व ब्रिटन ह्यांनी २०१५ मध्ये तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. महाशिरांची एकूण पकड वाढत गेलेली होती. वहीत ‘महाशीर’ एवढाच एक रकाना असता, तर नदी सुधारत आहे असाच निष्कर्ष निघाला असता. सुदैवाने दोन प्रकार वेगळे लिहिलेले होते. ते निरनिराळे मोजल्यावर दिसले, की वाढ निळ्या परांच्या, बाहेरून आणलेल्या माशाची आहे. उंच पाठीच्या मूळच्या माशाचे प्रमाण घसरत गेले आहे व त्याची पिले जवळजवळ मिळेनाशी झाली आहेत. वहीत तासांचा रकाना नसता, तर हाही निष्कर्ष काढता आला नसता.

ह्यानंतरही एक अडचण उरली. ह्या माशास निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. काही ग्रंथांत त्यास साइक्सचे ‘मुसुल्ला’ हे नाव दिलेले होते. पण साइक्सचा दख्खनमधील मुसुल्ला हा महाशीर नसून निराळ्याच प्रजातीचा मासा आहे, असे पुढे दाखविण्यात आले. एका नदीकाठचा शब्द कागदावरून प्रवास करीत दुसऱ्या नदीतील माशावर जाऊन बसला होता. ज्यास नाव नाही त्यास संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत स्थान देता येत नाही. २०१८ मध्ये पिंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मासा म्हणजे केरळातील पांबार नदीतून आधीच वर्णिलेली ‘टोर रेमादेवी’ ही जात होय, असे सिद्ध केले. आणि त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदविली गेली. शतकाहून अधिक काळ प्रसिद्ध असलेला मासा नावाअभावी संरक्षणाच्या कक्षेबाहेर राहिला होता.

७

वरील विवेचनावरून क्षेत्रतंत्रज्ञाच्या नोंदवहीत काय असावे हे स्पष्ट होते. शास्त्रीय नावाबरोबरच स्थानिक नावाचा स्वतंत्र रकाना असावा, आणि ते नाव जसे ऐकले तसे, देवनागरीत, गावाच्या उल्लेखासह लिहावे. कारण एकच नाव दोन जातींस आणि एकाच जातीस वयानुसार दोन नावे असण्याचा संभव असतो. ओळख संशयास्पद असेल तर संशय तसाच लिहावा व छायाचित्र जोडावे. साधन, माणसे व तास लिहावेत. काही न मिळाल्यास शून्य लिहावे, व कागद जपून ठेवावा.

ह्यांतील पहिल्या कामात भाषेच्या अभ्यासकाचे साहाय्य उपयोगी पडण्याजोगे आहे. भीमा, नीरा, कृष्णा ह्यांच्या काठच्या भोई व कोळी कुटुंबांत माशांची नावे अजून बोलली जातात. परंतु मासाच जाळ्यात येईनासा झाला, की त्याचे नाव पुढच्या पिढीस सांगण्याचा प्रसंग उरत नाही. म्हणून नाव टिपणारा आणि मासा मोजणारा ह्या दोघांनी एकाच स्थानकावर, एकाच नोंदवहीसह जाणे इष्ट होय.